फाईल दिली नाही म्हणून वकिलीची सनद गेली, ती परत आणतानाची गोष्ट

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. बेळगावात वकिलांचं जग केवढंसं, नाव नाही लिहिलं तरी ज्यांना कळायचं त्यांना कळणारच, तर कळू दे. मला बार कौन्सिलची (वकिलांना सनद देणारी आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी बघणारी संस्था) नोटीस आली तेव्हा मी सात-आठ जणांना विचारलं आणि सात-आठ वेगळी उत्तरं मिळाली, आणि ज्यांच्यावर ही पाळी येऊन गेली होती त्यातला एकही तोंड उघडेना. म्हणून लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. खानापूर तालुक्यातले एक शेतकरी, साठी ओलांडलेले, मी त्यांना काकाच म्हणायचो. वाटणीचा दावा होता, सहा वर्षं चालवला, निकाल विरोधात गेला. माझी १८,००० फी राहिली होती. त्यांनी अपील दुसऱ्या वकिलाकडून करायचं ठरवलं आणि फाईल मागायला आले. खरं सांगायचं तर मला राग आला तो ह्याचा, फी हे नंतर सुचलेलं कारण. मी म्हटलं, काका पैसे आणा आणि फाईल न्या. त्या फाईलीत कोर्टात दाखल न केलेली दोन मूळ खरेदीखतं होती आणि मुंबई राज्याच्या वेळचे मराठी उतारे होते. जिल्हा कोर्टात अपिलाची मुदत ३० दिवस. ते तीनदा येऊन गेले, दरवेळी मी तेच सांगितलं, मुदत गेली. मग त्यांचं रजिस्टर पत्र आलं, ते मी वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. दोन ओळींचं उत्तर लिहिलं असतं तरी प्रकरण तिथंच मिटलं असतं असं मला अजूनही वाटतं.

मार्च २०२३ मध्ये कर्नाटक राज्य बार कौन्सिलचं पाकीट आलं. आत तक्रारीची प्रत आणि खुलासा द्या म्हणून पत्र. तक्रार कन्नडमध्ये, आता काकांना कन्नड म्हणजे बसची पाटी वाचण्यापुरतं, पण आपल्याकडे हे असंच, मराठी माणूस मराठी वकिलाविरुद्ध कन्नडमध्ये टाईप करून घेतो आणि बेंगळुरूला पाठवतो. तक्रार राज्याच्या भाषेत चालते, प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेलं तर इंग्रजी भाषांतर राज्य कौन्सिलने करून द्यायचं असतं. तक्रार साध्या चिठ्ठीसारखी नसते, अर्जाच्या स्वरूपात असते आणि दाव्यासारखं खाली सत्यापन, म्हणजे वरचं खरं आहे असं सहीनिशी लिहिलेलं असतं, त्यामुळे वाचताना छातीत धस्स होतं. आपण दुसऱ्यांच्या नावाने रोज अशी कागदं करतो तेव्हा काही वाटत नाही.

एकाने सांगितलं उत्तरच देऊ नको, काही होत नाही. (होतं. हजर नाही राहिलं तर एकतर्फी चालवतात.) दुसऱ्याने सांगितलं काकांना भेट, मिटवून टाक. ते मला पटलं, मी फाईल घेऊन त्यांच्या गावी गेलो, कागद मोजून दिले, पोच घेतली, फी सोडून दिली म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "आधीच दिली असतासा तर मी कशाला बेंगळूर बघतो ओ?" आणि तक्रार चालवायची नाही असं लिहूनही दिलं. मी खुशीत ते घेऊन आमच्या साहेबांकडे, म्हणजे माझ्या सीनियर वकिलांकडे गेलो, मी २००४ ला सनद घेतली तेव्हापासून त्यांच्याकडेच होतो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले ह्याचा उपयोग शिक्षेच्या वेळी होईल, केस बंद करायला नाही. मला माहीतच नव्हतं. तक्रारदाराने माघार घेतली किंवा तडजोड झाली एवढ्याच कारणावर शिस्तभंगाची चौकशी बंद करता येत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात स्पष्ट आहे. तरी मिटवायला हवंच, फक्त मिटलं म्हणून सुटलो असं समजून झोपू नका.

खुलासा साहेबांनीच बसून लिहून घेतला. माझा पहिला मसुदा सहा पानांचा होता, त्यात काकांनी कधी कधी फी बुडवली ह्याचा इतिहास. साहेबांनी पाच पानं फाडली. फाईल अमुक तारखेपर्यंत दिली नाही हे खरं, अमुक तारखेला दिली, पोच सोबत, एवढंच राहिलं.

जूनमध्ये कळलं की प्रकरण शिस्तपालन समितीकडे गेलंय. समिती तिघांची असते, दोन कौन्सिलचे सदस्य आणि तिसरा बाहेरून घेतलेला, किमान दहा वर्षं प्रॅक्टिस झालेला वकील. सुनावणीची नोटीस वकिलाला जाते तशी राज्याच्या ॲडव्होकेट जनरलनाही (सरकारचे मुख्य वकील) जाते, कायद्यातच तसं आहे. माझ्या बायकोने ती नोटीस वाचली आणि तिला वाटलं सरकारनेच माझ्यावर केस घातली. तिला समजावता समजावता मीच घाबरलो.

जुलै ते डिसेंबर २०२३ मध्ये पाच खेपा झाल्या. संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरायची, सकाळी बेंगळुरूला उतरायचं, स्टेशनवरच आंघोळ, इडली, मग आंबेडकर वीधीला, बार कौन्सिलच्या ऑफिसात. स्लीपरचं जाऊन येऊन, रिक्षा, खाणं, झेरॉक्स धरून एका खेपेला दोन-अडीच हजार. लॉज घ्यायची गरज पडली नाही, रात्रीच्या गाडीने परत. एक सांगतो, प्रत्येक कागदाचे पाच सेट इथूनच करून न्या. समोर हायकोर्टाची लाल इमारत दिसत असते, तिथं आपण केस घेऊन आलोय असं क्षणभर वाटतं आणि मग आठवतं की ह्या वेळी आपणच पार्टी आहोत. बाकड्यावर नंबर यायची वाट बघत बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की पक्षकार सारखं "साहेब अजून किती वेळ" का विचारतात.

मनात राहिली ती तिसरी तारीख. काकांची साक्ष. त्यांनी माघारीचं लिहून दिलेलं असलं तरी समितीने त्यांना बोलावलं होतं, ते मुलाला घेऊन आले होते. ते मराठीत बोलत होते आणि एक तरुण वकील इंग्रजीत सांगत होता. काका म्हणाले, "मी म्हटलं साहेब मुदत जाईल, तर हे म्हणाले बघू की." आता आपल्या बेळगावात "बघू की" म्हणजे काय हे सांगायला नको, ते हो पण नाही आणि नाही पण नाही. त्या पोराने त्याचं केलं "आय विल सी यू". समितीतल्या एकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो, म्हटलं सर भाषांतरात चूक आहे, धमकी नव्हती, त्याचा अर्थ टाळाटाळ असा होतो. बोलून बसल्यावर लक्षात आलं, टाळाटाळ केली हे मीच माझ्या तोंडाने रेकॉर्डवर घातलं. साहेब शेजारी होते, त्यांनी नुसता पाय दाबला. पण तसंही खरं तेच होतं.

मधल्या काळात एक भीती सतत होती. राज्य कौन्सिलने तक्रार आल्यापासून एक वर्षात निकाल लावला नाही तर प्रकरण आपोआप दिल्लीला जातं, ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३६ ब. बेंगळुरूच परवडत नव्हतं, दिल्लीला कुठून जाणार. माझ्या बाबतीत वर्षाच्या आत झालं.

२९ जानेवारी २०२४ ची ऑर्डर. सहा महिने निलंबन.

मला ताकीद मिळेल अशी आशा होती, कारण ह्याच विषयावर सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल आहे, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा. फी राहिली म्हणून वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही, फी वसुलीचे दुसरे कायदेशीर मार्ग आहेत, फाईल अडवणं हे गैरवर्तन, असं त्यात ठरलं. त्या वकिलाला १८ महिन्यांची बंदी होती ती कोर्टाने कमी करून ताकिदीवर आणली. मी ते निकालपत्र पिवळ्या मार्करने रंगवून नेलं होतं. पण त्याच निकालाच्या शेवटी लिहिलंय की पुढे कोणी असं केलं तर ही कमी शिक्षा दाखला म्हणून धरायची गरज नाही. तेवढा शेवटचा परिच्छेद मी रंगवला नव्हता. समितीने तोच वाचला.

ऑर्डरची प्रत मला पोस्टाने ८ फेब्रुवारीला मिळाली. अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करता येतं, ऑर्डर कळवल्यापासून ६० दिवसांत, आणि त्यावर पुढे सुप्रीम कोर्ट, तिथंही ६० दिवस. नुसतं अपील केलं म्हणून निलंबन थांबत नाही, स्टे (स्थगिती) वेगळा मागावा लागतो. दोन-तीन मित्र म्हणाले कर, स्टे मिळेल, अपील चालू असताना प्रॅक्टिस चालू. मी चार दिवस विचार केला. बायको म्हणाली, "अहो, फाईलच होती ना ती." त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अपील केलं नाही. तुमची केस वेगळी असेल, तुम्ही खरंच काही केलं नसेल तर जरूर करा, फक्त ६० दिवस हे घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

माझ्या ऑर्डरमध्ये मुदत प्रत मिळाल्यापासून धरायची होती. तरी मी कौन्सिलला पत्र टाकून माझी मुदत ८ फेब्रुवारी ते ७ ऑगस्ट अशीच ना, हे लेखी विचारून घेतलं. एक दिवस इकडे-तिकडे झाला आणि त्या दिवशी तुम्ही कोर्टात उभे असलात तर नवीन प्रकरण. अधिकार नसताना प्रॅक्टिस केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

मग सनद जमा करायची. निलंबन झालं की सनद परत मागवतात. माझी ऑफिसच्या भिंतीवर फ्रेममध्ये, वीस पावसाळे खाल्लेली. बेळगावच्या पावसाने ती काचेला चिकटून बसली होती, ओढली तर कोपरा सोलला. मग फ्रेमवाल्याकडेच नेली, त्याने हळूहळू सोडवून दिली, १५० घेतले. तुमची सनद भिंतीवर असेल तर आजच काढून फाईलीत ठेवा आणि रंगीत झेरॉक्स भिंतीवर लावा, निलंबन होवो न होवो. पोस्टाने पाठवायला जीव होईना म्हणून स्वतः नेऊन दिली, पोच घेतली. पोच घ्यायची सवय मात्र तोवर लागली होती.

माझ्याकडे ६१ केसेस होत्या. प्रत्येक पक्षकाराला फोन, प्रत्येकाला खरं कारण सांगायचं, फाईल द्यायची, सही घ्यायची, नवीन वकिलासाठी ना हरकत लिहून द्यायची. काहींनी ॲडव्हान्स फी दिलेली, तिचा हिशोब काढून सगळे मिळून ७४,००० परत केले, त्यातले ४०,००० सोसायटीचं कर्ज काढून. मुळात पक्षकाराच्या पैशाचा वेगळा हिशोब ठेवायचा आणि फी किती, खर्चासाठी किती हे नोंदवायचं असा नियमच आहे, मी डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहायचो. तीन रात्री गेल्या त्यात. एक आजी मात्र फाईल न्यायला तयार होईनात, म्हणाल्या सहा महिने म्हणजे काय, आमच्या केसला सोळा वर्षं झाली, थांबतो की. त्यांनाही दुसऱ्या वकिलाकडे पाठवलंच, तारीख थोडीच थांबते.

ऑफिसच्या पाटीवरचं नाव झाकायला कागद चिकटवला. कोर्टांना आणि बार असोसिएशनला कळवलेलं असतंच, तरी मीच असोसिएशनच्या सेक्रेटरींना जाऊन सांगितलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. बाररूममध्ये माझी खिडकीजवळची खुर्ची, तिच्याकडे कोणी बघत नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. चहा न घेता निघालो.

सगळ्यात अवघड काय असेल तर फोन. निलंबनात कुठल्याही कोर्टापुढे, अधिकाऱ्यापुढे किंवा व्यक्तीपुढे प्रॅक्टिस करायची नाही, भारतभर. आता आपल्याकडे लग्नात ताट वाढेपर्यंत माणूस विचारतो, "वकीलसाहेब, उताऱ्यावर भावाचं नाव कसं काढायचं?" मी "सध्या सांगता येत नाही" म्हणायचो, लोकांना वाटायचं फी मागतोय. ज्युनियर रात्री मसुदा पाठवायचा, नुसतं वाचून बघा म्हणून. नाही वाचला.

पोटासाठी मेहुण्याच्या ओळखीने एपीएमसीतल्या एका आडत दुकानात हिशोबाला बसलो, महिना १४,०००. बटाटा, रताळी, मिरची. जुलैच्या शेवटी एक दिवस समोर काका. रताळ्याची पोती घेऊन आले होते. "वकीलसाहेब? तुम्ही हितं काय करूलालाय?" सांगितलं. बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या अपिलाला विलंब माफ झाला होता, तेवढं सांगितलं त्यांनी. मग वजन, हमाली, तोलाई, मी पट्टी (मालाच्या हिशोबाची पावती) लिहिली, पैसे मोजून दिले, ते निघाले आणि दारातून परत आले. "पट्टी द्या की. तुमच्याकडं कागद ठेवून पुन्हा कुठं हिंडू." दुकानातले सगळे हसले, मालकांना काही कळलं नाही. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

त्याच्या आधी जूनमध्ये एक झटका बसला होता. ज्युनियरचा मेसेज, खानापूर कोर्टाच्या कॉजलिस्टमध्ये (त्या दिवशीच्या केसेसची यादी) तुमचं नाव आहे. त्या पक्षकाराने ना हरकत नेली होती पण नवीन वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद) दाखलच केला नव्हता, त्यामुळे कॉम्प्युटरवर मीच. मी जाऊन सांगूही शकत नाही. त्यांच्या नवीन वकिलाच्या पाया पडायचं बाकी ठेवलं, त्याने दुसऱ्या दिवशी दाखल केला. ना हरकत दिली म्हणजे झालं असं धरू नका, ई-कोर्ट्सच्या ॲपवर स्वतःच्या नावाने शोधून बघत राहा.

७ ऑगस्ट संपला. ८ तारखेला मी कोट इस्त्री करून तयार. साहेबांना नमस्कार करायला गेलो तर ते म्हणाले, सनद कुठाय? मुदत संपली हे खरं, पण सनद आणि तसं लेखी पत्र हातात आल्याशिवाय उभा राहू नको. कोट परत खुंटीला.

इथं मी अजून एक गोंधळ घातला. आमच्या ओळखीच्या एका मॅडमनी बँकेत नोकरी लागली म्हणून स्वतःहून सनद जमा करून प्रॅक्टिस थांबवली होती आणि नंतर परत सुरू केली, त्यांचा अर्ज मी जसाच्या तसा उतरवला. तो प्रकार वेगळा. स्वेच्छेने थांबवलेल्यांनी कौन्सिलच्या सेक्रेटरींकडे अर्ज आणि कलम २४ अ ची (वकिलीला अपात्र ठरवणारं कलम) अपात्रता मधल्या काळात आली नाही असं प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग एनरोलमेंट कमिटी ठरवते. माझ्यावर शिक्षा होती, मी "स्वेच्छेने" असं लिहून पाठवलं असतं तर शपथेवर खोटं झालं असतं. साहेबांनी वेळेत बघितलं. नवीन अर्ज केला, सोबत ऑर्डरची प्रत, सनद जमा केल्याची पोच, मुदतीबद्दलचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात मी आधी "कोणत्याही कोर्टात काम केलं नाही" एवढंच लिहिलं होतं, साहेबांनी कलम ३५ (४) चेच शब्द घालायला लावले, कोर्ट, अधिकारी किंवा व्यक्ती. आणि स्टॅम्प. माझ्याकडे २० रुपयांचा जुना हिशोब डोक्यात, नोटरी म्हणाले साहेब आता १०० चा लागतो, त्याच वर्षी वाढलाय. सहा महिन्यांत एवढंही मागे पडलो होतो.

१४ ऑगस्टला बेंगळुरूला जाऊन अर्ज दिला. मग वाट बघणं. दर आठ दिवसांनी एक फोन करायचो, त्याहून जास्त नाही. मध्ये गणपती आला, आमच्या गल्लीत दरवर्षी मंडळाच्या परवान्याचे अर्ज मीच लिहितो, ह्या वेळी पोरं आली तेव्हा म्हटलं तुम्हीच लिहा, मी लाडू वळतो. २३ सप्टेंबरला सनद हातात आली. सोललेला कोपरा तसाच. गाडीला वेळ होता, कब्बन पार्कात जाऊन दोन तास नुसता बसलो, बायकोला फोन केला, ती म्हणाली आधी झेरॉक्स काढा.

दुसऱ्या दिवसापासून पत्रांच्या प्रती वाटत फिरलो, जिल्हा कोर्ट, खानापूर, बार असोसिएशन, सगळीकडे शिक्का घेऊन. जुने वकालतनामे आपोआप जिवंत होत नाहीत, प्रत्येक केसमध्ये नवीन वकालतनामा, नवीन वेल्फेअर स्टॅम्प (वकील कल्याण निधीचा). ६१ पैकी २२ परत आल्या. त्या आजीही आल्या. फ्रेमवाल्याला विचारलं तर म्हणाला नवीन काच घालून देतो, मी नको म्हटलं, झेरॉक्सच फ्रेम कर.

पहिला दिवस साधाच गेला. बेंच क्लर्कने पुकारलं, मी उभा राहिलो, न्यायाधीशांनी डायसवरून एकदा बघितलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर बघितलं तर हाताला घाम. सगळा खर्च, म्हणजे खेपा, झेरॉक्स, नोटरी, स्टॅम्प धरून २३,००० च्या आसपास, परत केलेली फी आणि बुडालेलं उत्पन्न वेगळं. सोसायटीचे हप्ते अजून चालू आहेत. आणि कॉम्प्युटर सेक्शनमध्ये अजून दोन केसेसना दुसऱ्याचंच नाव दिसतंय, मेमो टाकून झालाय, सोमवारी परत जाऊन बघणार आहे.